सायन्स फेअरसाठी मासा कोणता?

दिवाळीचा कार्यक्रम झाला, हॉलची किल्ली परत गेली, उरलेल्या चकल्यांची वाटणी झाली की आमच्या घरी फोन सुरू होतात. "तू केमिस्ट ना गं? मग जरा सांग..." अशी सुरुवात असते आणि पुढे मुलांचे सायन्स फेअर येतेच. बेकिंग सोड्याचा ज्वालामुखी सगळ्यांचा करून झालेला असतो. मोहरी-मेथी उगवून झालेली असते. मग कोणीतरी म्हणते, "मासे पाळून त्यांची वाढ मोजली तर? दोन महिन्यांत होईल का?" या वर्षी हा प्रश्न तीन घरांतून आला, तेव्हा संपादकांनी सांगितले की तिघांना वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाक. म्हणून हा लेख.

होईल. पण मासा योग्य हवा, आणि तयारी मासा घरी आणण्याच्या महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. यातली दुसरी गोष्ट मी फार महाग पडून शिकले, म्हणून आधी तेच सांगते.

आमची लेक पाचवीत होती तेव्हा आम्ही शनिवारी दुकानात गेलो आणि तीन गोल्डफिश, एक गोल काचेचे भांडे आणि रंगीत खडे घेऊन आलो. दोन आठवड्यांनी मोजायचे, चार आठवड्यांनी मोजायचे, तक्ता करायचा, असा साधा बेत. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. तिला वाटले, बोलतायत. दहाव्या दिवशी तिसरा मासाही गेला. रात्री झोपताना तिने विचारले, "आई, आपण मारले का त्यांना?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे उत्तर 'हो' असे होते. आणि ते मला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या बाईला, त्या भांड्याकडे बघून पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. त्या वर्षी आम्ही ऐन वेळी तुरटीचे स्फटिक करून वेळ मारून नेली.

काय झाले होते? मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो, जीवाणू त्याचा फडशा पाडतात. दोन लिटरच्या नव्या भांड्यात तो साठतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप अमोनियम आयनाचे, ते बरेचसे निरुपद्रवी. दुसरे मोकळ्या अमोनियाचे, ते विषारी. कोणते किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया एकूणच्या साधारण अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो, म्हणजे दसपट. आमच्या नळाचे पाणी कठीण आहे, पीएच ८ च्या आसपास. किटलीत पांढरा थर बसतो ना, तेच ते. त्यात गोल्डफिश हा अंगापिंडाने मोठा होणारा आणि भरपूर घाण करणारा मासा. बाकी सांगायला नको.

त्यात आणखी एक भर. अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत पाण्यात आता क्लोरीनऐवजी क्लोरामीन घालतात. आपल्याकडे लहानपणी ऐकलेला उपाय म्हणजे पाणी रात्रभर उघडे ठेवायचे, क्लोरीन उडून जातो. क्लोरामीन तसा उडून जात नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे पाणी शुद्ध करण्याचे औषध घालावे लागते, आणि बाटलीवर 'क्लोरामीनसाठी' असे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्या. नुसते थायोसल्फेट असेल तर ते क्लोरामीन फोडते आणि त्यातला अमोनिया पाण्यात मोकळा सोडते. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तुमच्या पाण्यात काय घालतात, हे गावाच्या पाणीखात्याच्या वार्षिक अहवालात छापलेले असते किंवा फोन करून कळते.

तेव्हा पहिले काम माशाचे नाही, टाकीचे. दहा गॅलनची टाकी घ्या, म्हणजे सुमारे ३८ लिटर. स्पंजचा फिल्टर, पन्नास वॉटचा हीटर, झाकण. मग मासे न घालता टाकी चालू करा आणि त्यात थोडासा अमोनिया घाला, लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका. साबण किंवा सुगंध मिसळलेला नको, निव्वळ. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जीवाणू आपोआप येतात, पण त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसेच. आणि विरजण मिळाले तर काम लवकर होते: ओळखीत कोणाची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. चाचणीच्या थेंबांच्या बाटल्या मिळतात. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसू लागले की टाकी तयार. मुलांना या रंग बदलणाऱ्या नळ्या फार आवडतात. एखाद्याने नुसता याच भागाचा तक्ता केला तरी उत्तम प्रोजेक्ट होतो आणि एकही मासा लागत नाही.

आता मासा. वाढीचा प्रयोग सहा आठवड्यांत उरकायचा तर आपल्याला असा मासा हवा जो त्या सहा आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण नव्वद टक्के चूक इथेच होते, कारण दुकानातले बहुतेक छोटे मासे जवळजवळ वाढून संपलेले असतात. तो झळाळता निळा-लाल निऑन टेट्रा पूर्ण वाढीचाच असतो तीनेक सेंटिमीटरचा. दुकानातून आणलेला बराचसा वाढलेला असतो. दोन महिने मोजत बसलात तरी हाती काही लागणार नाही. शिवाय त्याला मऊ, किंचित आम्ल पाणी लागते, आणि पिल्ले काढणे तर अनुभवी लोकांनाही जड जाते. बेटा, म्हणजे तो लांब पंखांचा भांडखोर मासा, पेल्यात ठेवलेला असतो तो पूर्ण वाढलेला नर. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, म्हणजे बारा मासे तर बारा भांडी. बाद.

उलट टोकाला ऑस्कर. तो वाढतो, इतका की फूटभर होतो. मुलाला चार इंचाचे पिल्लू गोंडस वाटते, पण फेब्रुवारीत सायन्स फेअर संपल्यावर पुढची दहा वर्षे त्याचे काय करायचे? गोल्डफिशचेही तेच. बरी जागा मिळाली तर तो वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. मासा भांड्याच्या मापाने वाढतो, छोट्या भांड्यात छोटाच राहतो, असे आपण सगळे ऐकत आलो. ते अर्धेच खरे आहे. घाणेरड्या पाण्यात त्याची वाढ खुंटते. त्याला माप कळते म्हणून तो थांबत नाही, आजारी असतो म्हणून थांबतो.

झेब्रा डॅनिओ हा विचार करण्यासारखा मासा. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, चपळ, कणखर. हा आपल्याकडचाच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर लिहिलेल्या १८२२ सालच्या पुस्तकात त्याचे पहिले वर्णन आहे. पुढे ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७० च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणले आणि आज जगभर त्याच्यावर संशोधन चालते. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. अंडे पारदर्शक, दोन-तीन दिवसांत फुटते, आत हृदय धडधडताना दिसते. अडचण एकच. बाहेर आलेले पिल्लू इतके बारीक असते की त्याला सूक्ष्मजीव खायला घालावे लागतात, आणि घरी पहिल्या दहा दिवसांत बरीच पिल्ले दगावतात. अंड्यातल्या वाढीचे निरीक्षण करायचे असेल तर डॅनिओसारखा मासा नाही. महिनाभर लांबी मोजायची असेल तर, निदान पहिल्या खेपेला, नको.

सगळ्यांत झपाट्याने वाढणारा म्हणाल तर आफ्रिकेतल्या डबक्यांत राहणारा एक किलीफिश आहे, टर्कॉइज किलीफिश नावाचा. मोझांबिकमधल्या पावसाळी डबक्यांत तो अंड्यातून बाहेर आल्यापासून दोन आठवड्यांत प्रजननक्षम झालेला संशोधकांना आढळला, तसा निबंध २०१८ मध्ये आला. डबके आटायच्या आत त्याला सगळे उरकायचे असते. पण तो आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. हौशी लोकांकडून अंडी मागवावी लागतात. हायस्कूलच्या मुलांसाठी ठीक आहे.

उरला आपला गप्पी. नावाला हसू नका. आपल्या गावाकडे डासांच्या अळ्या खातात म्हणून नगरपालिकेची माणसे हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडत, ते तुम्हाला आठवत असतील. तो हाच. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले आणि १८६६ मध्ये त्यांचे नाव माशाला मिळाले. त्याआधी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केलेले निघाले, म्हणून शास्त्रीय नाव बदलले, पण बोलण्यात गप्पी तो गप्पीच राहिला.

प्रयोगाला तो का बरा? तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. पिल्लू जन्मतः सात-आठ मिलिमीटरचे, पोहणारे आणि चुरलेले खाणे त्याच दिवशी खाणारे असते. एका वेळी वीस-तीस पिल्ले सहज होतात, म्हणजे सगळी एका वयाची, एका आईची. प्रयोगाला याहून चांगली सुरुवात कोणती? महिन्या-दीड महिन्यात लांबी दुपटीच्या आसपास जाते. लांबी दुप्पट म्हणजे वजन साधारण आठपट, हे मुलांना गणितात बसवून दाखवा. त्यांचा विश्वास बसत नाही. शिवाय कठीण पाणी त्याला मानवते, म्हणजे आमच्या किटलीचा पांढरा थर इथे उपयोगी पडला. मॉली आणि प्लॅटी हेही याच घराण्यातले, तेही चालतील. मॉलीला मात्र जागा जास्त लागते.

पिल्लांसाठी जोडी आणायची गरज नाही. दुकानात नर-माद्या एका टाकीत असतील तर तिथली मोठी मादी बहुतेक करून गाभणच असते, आणि एकदा नराचा संग झाल्यावर मादी ते बीज साठवून पुढेही काही वेळा पिल्ले देते. शेपटीकडच्या पंखाच्या वर पोटाशी काळसर डाग गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागले की दिवस भरत आले. साधारण चार आठवड्यांचे चक्र असते. आम्ही तीन माद्या आणल्या. पिल्ले झाली की लगेच आईला वेगळे काढा. ही माउली आपलीच पिल्ले खाते, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे आधी न सांगितल्यामुळे एका संध्याकाळी बरीच रडारड झाली.

एक मुद्दा बऱ्याच पुस्तकांत निसटतो. गप्पीचा नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते, मादी मात्र पुढेही वाढत राहते. म्हणजे प्रयोग दोन-तीन महिने लांबवला तर तुम्ही खाण्याचा परिणाम मोजत नसून एका टाकीत मुली किती आणि मुलगे किती हे मोजत असाल. पाच आठवड्यांवर थांबावे. त्यापुढे लांबी मोजायचीच असेल तर नर-मादी वेगळे लिहावे.

आता प्रयोग काय करायचा? आमचा पहिला बेत असा होता: एका टाकीला पोटभर खाणे, दुसरीला निम्मे. बारा-बारा पिल्ले. त्या हिवाळ्यात माझी आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. तिने बेत ऐकून घेतला, काही बोलली नाही. नवव्या दिवशी लेक म्हणाली, "निम्म्यावाल्यांची पोटं जास्त फुगलेली दिसतात." पाणी गढूळ होते, तळाशी पांढुरके काहीतरी बसले होते, आणि अमोनिया, जो शून्य असायचा, तो अर्ध्या मिलिग्रॅमवर गेला होता. मी तळाचे पाणी नळीने ओढून पाहिले. पोळीचा चुरा.

"आई, तू यांना घातलंस का काही?"

"मग काय करू? तुम्ही दोघी सकाळी निघून जाता. त्या पलीकडच्या टाकीत जेवणं चाललेली असतात आणि ही लेकरं काचेला तोंड लावून बघत बसतात. मला नाही बघवत. कसला गं हा तुमचा अभ्यास, कुणाला तरी उपाशी ठेवून?"

मी चिडले. नऊ दिवसांची मोजमापे वाया गेली होती आणि सायन्स फेअर सात आठवड्यांवर आला होता. पण रात्री भांडी आवरताना आईचे म्हणणे डोक्यातून जाईना. लेकीने आधीच्या वर्षी विचारलेला प्रश्नही जाईना. उपाशी माशांची वाढ कमी होते, हे कळायला प्रयोग कशाला हवा? ते आईला प्रयोगाशिवाय माहीत होते. आम्ही अशा प्रश्नाचे उत्तर शोधत होतो ज्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यासाठी बारा जीव उपाशी ठेवत होतो. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली, ती तुम्ही आधीच लक्षात ठेवा: मासा हा पाठीचा कणा असलेला प्राणी, त्यामुळे पुष्कळ शाळांत आणि स्पर्धांत प्रयोग सुरू करण्याआधी लेखी परवानगी लागते. शिक्षिकेने आमचा पहिला बेत परवानगीच्या कागदावर पाहिला असता तर तिनेही तेच विचारले असते जे आईने विचारले.

पाच दिवसांनी दुसऱ्या मादीला एकतीस पिल्ले झाली आणि आम्ही नव्याने सुरुवात केली. या वेळी दोन्ही टाक्यांना खाणे सारखेच. फरक एवढाच, की 'अ' टाकीला दिवसाचे सगळे एकदम सकाळी, 'ब' टाकीला तेच तीन वेळा विभागून. हा खरा प्रश्न होता. उत्तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आणि दुपारचे खाणे घालायला घरात माणूस लागणार होते. ते आईच करणार हे तिने स्वतःच जाहीर केले.

एवढ्याशा पिल्लांचे खाणे मोजायचे कसे? माशांच्या खाण्याचे पापुद्रे खलात बारीक केले. सोनाराच्या धर्तीचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. त्यावर एका टाकीचे आठवड्याचे ०.२१ ग्रॅम मोजले आणि कागदावर पट्टीसारखे पसरून, व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने त्याचे सारखे भाग पाडले. वैद्य पुड्या बांधायचे तसे. 'अ' साठी सात भाग, 'ब' साठी एकवीस. ते ठेवायला आईची गोळ्यांची डबी कामी आली, सात वार आणि प्रत्येक वाराचे सकाळ-दुपार-रात्र असे तीन खण. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तिला नवी डबी आणून दिली. तिसऱ्या आठवड्यापासून दोन्हीकडचे खाणे दुप्पट केले. उरलेले खाणे रोज नळीने ओढून काढायचे आणि आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदलायचे, दोन्हीकडे त्याच दिवशी, तितकेच.

दोन टाक्या सारख्या ठेवणे हे वाटते तितके सोपे नाही. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे दोन अंश उष्णतेच्या फरकाने वाढ बदलते आणि तुम्ही श्रेय खाण्याला देऊन मोकळे होता. दोन हीटर कधीही एकमेकांशी सहमत नसतात. दोन थर्मामीटरही नसतात! आमचे दोन्ही एका पेल्यात बुडवले तर दीड अंश फॅरनहाइटचा फरक निघाला. तेवढा लिहून ठेवून हिशेबात धरला आणि दोन्ही टाक्या ७८ अंशांवर आणल्या. खिडकीचे ऊन एकीवर आणि दुसरीवर नाही असे नको. काहीजण एकाच टाकीत मध्ये जाळी लावतात. पाणी एक राहते हे खरे, पण चुरा जाळीतून पलीकडे जातो.

मोजणी दर रविवारी. मासा हातात धरून फूटपट्टी लावायची नाही. उथळ पांढऱ्या बशीत टाकीचेच पाणी बोटभर घ्यायचे, खाली प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला आलेख-कागद, पिल्लू त्यात सोडायचे आणि वरून सरळ फोटो काढायचा. टाकीच्या काचेला बाहेरून पट्टी चिकटवून फोटो काढू नका. मासा पट्टीपासून जितका लांब तितका लहान दिसतो, आणि पाण्याचे अपवर्तन वेगळेच. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीचा पंख जिथे सुरू होतो तिथपर्यंत धरावी. पंखासकट धरू नये, कारण पंख फाटतात, आणि गप्पीच्या नराचा पंख तर नुसता मिरवण्याचा असतो. फोटोवरून मोजायला इमेज-जे नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. एवढे करूनही अर्ध्या मिलिमीटरची चूक राहते असे धरून चाला.

सुरुवातीला दोन्ही टाक्यांची सरासरी साडेसात मिलिमीटर होती. दुसऱ्या रविवारी मात्र 'अ' टाकी पुढे निघाली, आम्हाला वाटले होते त्याच्या उलट. तिसऱ्या रविवारी 'ब' पुढे. दुसऱ्या रविवारचा तो ठिपका तक्त्यात दाताखालच्या खड्यासारखा खुपत होता. त्या दिवशी 'अ' चे फोटो मी काढले होते, घाईत, आणि बशीत पाणी जास्त होते. "तो रविवार गाळून टाकू या का?" असे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. माझ्या कामाच्या ठिकाणी एखाद्याने असे केले तर मी काय म्हणेन हे मला ठाऊक आहे, पण आपल्या मुलीचा तक्ता असला की हात थरथरतो. मी काही बोलायच्या आत तिने ठिपका लाल पेनाने काढला आणि खाली लिहिले, 'या दिवशी आईने फोटो काढले, पाणी जास्त होते.' त्याच वहीत पहिल्या पानावर 'आजीने पोळी घातली, म्हणून पुन्हा सुरुवात' हेही होते. 'अ' टाकीतले एक पिल्लू चौथ्या आठवड्यात दिसेनासे झाले, तेही लिहिले.

पाच आठवड्यांनंतर 'अ' ची सरासरी १४.१ मि.मी., 'ब' ची १६.०. मला जास्त रस वाटला तो वेगळ्याच गोष्टीत. 'अ' मध्ये सर्वांत लहान पिल्लू ११ चे आणि मोठे १८ चे. 'ब' मध्ये १४ ते १८. एकदाच पंगत वाढली की धटिंगण पुढे होतात आणि लाजरे उपाशी राहतात. तीन पंगती उठल्या की सगळ्यांना काहीतरी मिळते. निदान आमचा तरी असा तर्क. आई म्हणाली, हे मी तुम्हाला लग्नाच्या मांडवात उभी राहून सांगितलं असतं.

परीक्षकांनी एकच अवघड प्रश्न विचारला: "तुझ्याकडे मासे तेवीस आहेत, पण टाक्या किती?" प्रश्न रास्त होता. एका टाकीतले सगळे मासे एकच पाणी पितात. टाकीचीच काही गोम असेल तर ती साऱ्यांना लागते, म्हणून खरे बघता तुलना तेवीस माशांची नव्हती, दोन टाक्यांची होती. ती म्हणाली, "दोनच. पुढच्या वेळी टाक्यांची अदलाबदल करून पुन्हा करणार आहे." बक्षीस मिळाले नाही. तुम्ही करणार असाल तर शक्यतो चार छोट्या टाक्या घ्या, दोन-दोन. वापरलेल्या टाक्या गराज सेलमध्ये स्वस्तात मिळतात. पाणी भरून एक दिवस गराजमध्येच ठेवून गळतात का ते पाहा.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर प्रयोग परत आल्यावर सुरू करा. शेजाऱ्यांवर भरवसा ठेवू नका, ते प्रेमाने जास्त खाणे घालतात. आणि प्रयोग संपल्यावर मासे तळ्यात, ओढ्यात सोडू नका. गप्पी इथल्या थंडीत मरतील. गोल्डफिश मरत नाहीत, बर्फाखालीही तगतात, आणि ते जास्त वाईट. मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल गावाने २०२१ मध्ये आपल्या तळ्यातून काढलेल्या फुटबॉलएवढ्या गोल्डफिशचे फोटो जाहीर केले होते, लोकांनी सोडून दिलेले होते ते. ते तळ ढवळून पाणी गढूळ करतात आणि तिथल्या मूळच्या माशांची पंचाईत होते.

राहता राहिले आमचे मासे. पहिल्या बाळंतपणाची, दुसऱ्याची, आणि मधल्या काळात झालेल्या तिसऱ्याची मिळून सध्या साठाच्या वर पिल्ले आमच्या तळघरात आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमाला झाकणाचा डबा आणावा. श्रीखंडाचा चालेल, पण साबण न लावता नुसत्या गरम पाण्याने धुतलेला. मासे गाडीत थंडीने गारठू नयेत म्हणून पिकनिकचा कूलरही आणा, यात ऊबही टिकते. आणि टाकी आधी चालू करून ठेवा. चाचणीच्या बाटलीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याचे सांगणाऱ्यालाच पिल्ले मिळतील. तिळगूळ मात्र सगळ्यांना मिळेल.